शाल-श्रीफळाच्या आधी चार पाने लिहा : पोलीस महासंचालकांना खुले पत्र

मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

31 मे ही तारीख तुमच्या खात्यात सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्या संध्याकाळी राज्यभरातल्या कितीतरी पोलीस ठाण्यांत एकाच वेळी निरोप समारंभ होतात. खेड्यातल्या पोराला शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावून टाकलेली असते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे वयाची 58 वर्षे भरलेले शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक 31 मे रोजी मोठ्या संख्येने घरी जातात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे. लिहिते मात्र तुम्हाला, कारण मला जे हवे आहे ते तुमच्या एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे.

निवृत्त होणाऱ्या पोलिसाने नोकरीत नेमके काय केले, ते निरोपाच्या दिवशी कुणीतरी सांगावे. आधी लिहावे, मग सांगावे, आणि लिहिलेले जपून ठेवावे. माझी मागणी एवढीच आहे.

ही मागणी का करावीशी वाटली, ते राजेंद्र धोंडू भोसले यांच्या उदाहरणावरून सांगते. ते मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. 2008 ते 2015 या काळात त्या ठाण्यात 166 मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. त्यांतल्या 165 मुलींचा भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध लावला. राहिलेली मुलगी सात वर्षांची होती. 22 जानेवारी 2013 रोजी शाळेच्या वाटेवरून ती नाहीशी झाली. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले. वर्दी उतरली, तरी तिचा फोटो त्यांनी जवळ ठेवला आणि शोध चालूच ठेवला. 4 ऑगस्ट 2022 रोजी, साडेनऊ वर्षांनी, ती मुलगी आईला भेटली. ती घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर राहत होती. हरवल्याच्या वेळचे शोधपत्रक इंटरनेटवर सापडले, त्यावरचे बहुतेक फोन क्रमांक बंद पडले होते आणि एका शेजाऱ्याचा क्रमांक तेवढा चालू होता, त्यावरून घरच्यांचा पत्ता लागला. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिला आता तिचे आयुष्य जगू द्यावे.

ही हकिकत महाराष्ट्राला कळली ती वर्तमानपत्रांमुळे. एका बातमीदाराला 166 व्या मुलीची गोष्ट लिहावीशी वाटली, म्हणून भोसले यांचे नाव आपल्याला माहीत झाले. मला मात्र आधीच्या 165 जणी फार महत्त्वाच्या वाटतात. एवढ्या मुली शोधलेल्या माणसाला काय काय कळलेले असेल याचा विचार करा. ‘दुपारपासून पोर दिसत नाही’ असे सांगत आई ठाण्यात येते, तेव्हा तिला पहिला प्रश्न कोणता विचारायचा. बाप बोलत नसेल तर त्याला बाजूला कधी घ्यायचे. घरात सकाळी काय झाले, मैत्रीण कोण, कुठल्या मावशीवर जीव आहे, अंगावर कपडे कोणते, फोन कुणाचा वापरायची. मग शाळा, रेल्वे स्थानक, तिथला कॅमेरा, रुग्णालये, बालगृहे, बाल कल्याण समिती. मुलगी परराज्यात गेल्याचे कळले तर मिळेल त्या गाडीत बसून तिकडे जायचे, आणि तिथल्या ठाण्यातल्या माणसाने मदत करावी म्हणून त्याच्याशी कसे बोलायचे. सगळ्यात अवघड म्हणजे ती सापडल्यावर तिला काय विचारायचे आणि काय अजिबात विचारायचे नाही. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये बजावले. 2015 पासून हरवलेली मुले शोधण्याच्या ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमा चालतात. हे सगळे हवेच. पण गुन्हा नोंदवल्यानंतर त्या रात्री कुठून सुरुवात करायची, हे ज्याने ते काम केले त्यालाच ठाऊक असते. ते ज्ञान फिर्यादीच्या नमुन्यात बसत नाही आणि दोषारोपपत्रातही येत नाही. त्या माणसाबरोबर ते ठाण्याच्या फाटकातून बाहेर पडते.

सहायक उपनिरीक्षक या पदावरच्या आणखी एका माणसाचे नाव साऱ्या देशाला माहीत आहे, तुकाराम ओंबळे यांचे. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी लष्करात आणि मग मुंबई पोलिसांत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हातात लाठी असलेल्या या माणसाने कसाबची रायफल छातीशी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. 26 जानेवारी 2009 रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. त्यांच्या बलिदानापुढे हात जोडावेत तेवढे थोडेच. पण त्या रात्रीआधीही ते पोलीस होते, आणि त्यांच्यासारखे हजारो जण त्या रात्रीनंतरही नाकाबंदीला उभे राहिले, रोज, वर्षानुवर्षे. ड्युटीवर मेला तर नाव कळते आणि 58 वर्षांचा होऊन धडधाकट घरी गेला तर कळत नाही, असे का असावे? धडधाकट घरी जाणे हेच तर आम्हा पोलिसांच्या घरच्यांनी देवाकडे मागितलेले असते.

मी पोलीस लाइनीत वाढले. माझे वडील शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. कोणत्या ठाण्यातून ते लिहीत नाही, कारण तिथल्या कुणाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. जे झाले ते सगळीकडे होते. समारंभ चांगला केला होता. शाल, श्रीफळ, साहेबांच्या हस्ते भेटवस्तू, आईला साडी. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून जेवण केले होते. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने सांगितले की ते मनमिळाऊ होते, शांत स्वभावाचे होते, वेळेवर हजेरीला यायचे. साहेब नव्याने बदलून आलेले होते, त्यांनी कागदावर लिहून दिलेले नाव वाचले आणि उर्वरित आयुष्य निरोगी जावो अशा शुभेच्छा दिल्या. सगळे मनापासून बोलले. पण वडिलांनी तीन तपांहून जास्त काळ केले काय, ते त्या हॉलमध्ये एकानेही सांगितले नाही. सांगणार तरी कसे? बरोबरच्या जुन्या माणसांच्या बदल्या झालेल्या, आणि कागदावर काही नाही.

सांगण्यासारखे किती होते! त्यांच्या बीटमध्ये, म्हणजे त्यांच्याकडे सोपवलेल्या भागात, दोन भावकींचा बांधाचा वाद होता. दर वर्षी पेरणीच्या तोंडावर कुऱ्हाडी निघायच्या. वडील बीटवर आल्यापासून मृगाच्या आधी त्या वस्तीवर जाऊन यायला लागले. दोन्ही घरी चहा घ्यायचा, म्हाताऱ्यांशी बोलायचे, तरण्या पोरांना समज द्यायची, एखाद्या वर्षी चॅप्टर केस, म्हणजे भांडण होण्याआधीची प्रतिबंधक कारवाई, करायची. त्यांच्या काळात तिथे एकदाही डोके फुटले नाही. बदली झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात फुटले. आता हे कुठे नोंदवणार? जे घडले त्याची स्टेशन डायरीत नोंद होते, गुन्हा रजिस्टरला क्रमांक पडतो. जे घडू दिले नाही त्याला क्रमांक नसतो. चांगल्या बीट अंमलदाराचे निम्मे आयुष्य अशा बिनक्रमांकाच्या कामात जाते, आणि म्हणूनच त्याच्या सेवापुस्तकात बदल्या, रजा, वेतनवाढी आणि शिक्षा सापडतात, बक्षिसाची एखादी नोंद सापडते, पण काम सापडत नाही.

मुद्देमाल कारकून, म्हणजे खटल्यांतल्या जप्त वस्तू सांभाळणारे, असताना ते कोर्टाच्या तारखेला एकेक वस्तू काढून द्यायचे. वर्षानुवर्षे पडून असलेल्या खटल्यातला कोयता असो की बांगडी, लाखेचे सील शाबूत आणि चिठ्ठीवरचे अक्षर वाचता येईल असे. सील फुटलेले निघाले असते, तर आरोपीच्या वकिलाने तेवढ्यावर खटला ढिला केला असता. शिक्षा झाली की बातमीत तपास अधिकाऱ्याचे नाव येते, आणि ते यावेच. मुद्देमाल जपणाऱ्याचे कधीच येत नाही. माझा राग बातमीवर नाही. खात्याने तरी ते नाव एकदा, शेवटच्या दिवशी, मोठ्याने घ्यावे असे मला वाटते.

आत्ता जी पिढी घरी निघाली आहे ती 1990 च्या आसपास भरती झालेली. मुंबईत असलेल्यांच्या वाट्याला नोकरीच्या सुरुवातीलाच 1992-93 च्या दंगली आणि 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यांतून माणसे काढायला आणि नंतर ओळ लावून प्रेते जाळायला पोलीस होते. मग 26 जुलै 2005 चा पाऊस, 11 जुलै 2006 चे लोकल गाड्यांतले स्फोट, 26 नोव्हेंबर 2008 चा हल्ला, 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर. गडचिरोलीत बदली झालेल्यांची गोष्ट आणखी निराळी, ती त्यांच्या बायकांना विचारावी. दर वर्षीचे गणपती, आषाढी वारी, निवडणुका तर मी मोजतच नाही. लाइनीतल्या कुठल्याही घरात विसर्जनाच्या रात्री बाप घरी नसतो आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

करोनाचे वर्ष तर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एप्रिल 2020 मध्ये काही पोलिसांचे मृत्यू झाल्यावर मुंबईत 55 वर्षांपुढच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितले गेले. तो निर्णय योग्य होता. पण आज निवृत्त होणारे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले आणि पंचावन्नच्या आतले होते. म्हणजे मधुमेह, रक्तदाब घेऊन चौकात उभे राहायच्या वयाचे, आणि घरी थांबण्याची सवलत न मिळालेले. पायी गावाकडे निघालेल्या मजुरांना ज्यांनी पाणी दिले ते हेच, आणि काही ठिकाणी ज्यांनी काठी चालवली तेही यांच्यातलेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते. पोलिसांबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ रास्त आहेत. तक्रार न घेता परत पाठवणे, गरिबाशी अरेरावी, पैसे मागणे हे सगळे घडते. मी लाइनीतली मुलगी असले तरी त्यावर पांघरूण घालणार नाही. उलट, म्हणूनच मला समारंभातली सरसकट स्तुती खुपते. ज्याने चाळीस वेळा खिसा भरला तोही ‘कर्तव्यदक्ष’ आणि ज्याने हरवलेली पोर शोधायला परमुलखात रात्री काढल्या तोही ‘कर्तव्यदक्ष’. एकच विशेषण दोघांना चिकटवले की अपमान दुसऱ्याचा होतो. विशेषणे बंद करून हकिकत सांगायला लागलो, तर ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे त्याचे भाषण आपोआप भरेल. ज्याच्याकडे नाही, त्याला शाल द्या, पेन्शनची कागदपत्रे वेळेवर द्या आणि थांबा.

सन्मान मुळीच होत नाहीत, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास तुमच्या सहीने पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह जाहीर होते. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला राष्ट्रपतींची पोलीस पदके असतात. ज्या घरात ते चिन्ह येते तिथे ते देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. पण सुमारे दोन लाखांच्या दलात ते किती जणांपर्यंत पोहोचणार? वरिष्ठ अधिकारी निवृत्त होतात तेव्हा संचलन होते, फुलांनी सजवलेली गाडी सहकारी दोर लावून ओढतात. ती प्रथा मला आवडते, तिच्यात माया आहे. हवालदारासाठी दोर ओढा अशी माझी मागणी नाही. हवालदाराला गाडी नको आहे. आपण काय केले हे आपल्या मुलांसमोर, सुनेसमोर, नातवंडांसमोर एकदा साहेबांच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर तो माणूस पुढची वीस वर्षे ताठ चालेल.

ते कसे करता येईल, याबद्दल मला सुचते ते सांगते. निवृत्तीच्या आधी पेन्शनचे प्रकरण तयार करायला घेतात. त्याच वेळी ठाण्यातल्या एखाद्या तरुण अंमलदाराला त्या ज्येष्ठाजवळ बसवावे. रोज नाही, आठवड्यातून एखादा तास. त्याने विचारायचे आणि लिहून घ्यायचे : कुठे कुठे काम केले, कोणता तपास लक्षात राहिला, कोणता लागला नाही, बीटमध्ये कुठे लक्ष ठेवायला हवे, कोणत्या घराला अजून आधाराची गरज आहे. चार पाने पुरेत. खबऱ्यांची नावे, पीडितांची नावे त्यात अर्थातच यायची नाहीत. ती चार पाने प्रभारी अधिकाऱ्याने आधी वाचावीत आणि समारंभात त्यातले दोन प्रसंग सांगावेत. एक प्रत घरी द्यावी, एक ठाण्यात राहावी. समारंभाला हद्दीतली माणसे बोलवावीत. पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, शांतता समितीचे लोक तर असतातच, पण ज्याचे काम झाले तो साधा माणूसही यावा. बांधाच्या वादातल्या एका म्हाताऱ्याला माझ्या वडिलांच्या समारंभाला बोलावले असते, तर त्याने मिनिटभरात सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगितले असते.

न लागलेले तपास हा वेगळा आणि महत्त्वाचा भाग आहे. प्रकरणाची फाइल दुसऱ्याकडे वर्ग होते, पण ती फाइल ज्याच्या मनात होती तो माणूस वर्ग होत नाही. भोसले यांनी निवृत्तीनंतर फोटो जवळ बाळगला हे त्यांचे मोठेपण. त्यांच्यासारख्याला निवृत्तीनंतरही ठाण्यात येऊन नव्या तपास अधिकाऱ्याबरोबर हक्काने बसता यावे, अशी वाट खात्यानेच ठेवली तर? विशेषतः हरवलेल्या मुलांच्या बाबतीत, जिथे आईबाप एकाच चेहऱ्यावर विश्वास टाकून बसलेले असतात. नवा अधिकारी आला की त्यांना पहिल्यापासून सगळे सांगावे लागते, पुन्हा रडावे लागते. निदान जुन्या आणि नव्या माणसाने मिळून एकदा त्या घरी जाऊन यावे.

आणि यांतल्या निवडक लोकांना मरोळ, खंडाळा, तुरची, जालना इथल्या प्रशिक्षण केंद्रांत शिकवायला न्यावे. नव्या भरतीच्या पोरांना कायद्याची कलमे शिकवणारे तज्ज्ञ मिळतात. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर ती गरज वाढलीही आहे. पण पंचनाम्याला पंच मिळत नसताना काय करायचे, दारू पिऊन आलेल्या फिर्यादीला कसे हाताळायचे, मयताच्या घरी निरोप कसा सांगायचा, हे हवालदारानेच शिकवावे. त्याला त्या तासाचे मानधन द्यावे आणि दारावरच्या पाटीवर ‘व्याख्याते’ म्हणून त्याचे नाव लिहावे.

खालच्या पदावरच्या माणसाचे ऐकले की काय होते, याचा दाखला तुमच्याच दलात आहे. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. ती योजना एका शिपायाने मांडली होती आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. बारा-बारा तास उभे राहणाऱ्याच्या डोक्यातच ते गणित सुटू शकत होते. 2022 मध्ये शासनाने शिपाई आणि हवालदार यांच्या मधले पोलीस नाईक हे पद रद्द करून शिपायाला उपनिरीक्षक पदापर्यंत जाण्याची वाट मोकळी केली, तेही योग्य झाले. माझे वडील त्याआधीच घरी आले होते, पण बातमी वाचून ते पोरासारखे खूश झाले होते. बरोबरच्या धाकट्या सहकाऱ्यांना त्यांनी एकेक करून फोन लावले.

या सगळ्याला निधी फारसा लागत नाही. एक वही, एक तरुण अंमलदार, प्रभारी अधिकाऱ्याची अर्ध्या तासाची तयारी, आणि प्रशिक्षण केंद्रांसाठी थोडे मानधन. अडचण येईल ती मनुष्यबळाची, हे मला कळते. बंदोबस्त लागला की आठवड्याचा ऑफसुद्धा मिळत नाही, तिथे लिहायला माणूस कुठून आणायचा, असे कुणी म्हणेल. त्यासाठी पोलिसांची शिकलेली मुले आहेत की. प्रत्येक लाइनीत शिक्षक, पदवीधर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली असतात. आपल्या शेजारच्या काकांची हकिकत लिहून द्यायला ती आनंदाने बसतील. गोपनीय काय आणि लिहिण्यासारखे काय, एवढे ठाण्याने ठरवून द्यावे.

माझ्या वडिलांची चार पाने लिहायला मी सुरुवात केली आहे. त्यांच्या हद्दीत न लागलेल्या एका तपासाबद्दल ते अजून बोलतात. त्यात त्यांना जे आठवते ते मी वेगळ्या कागदावर उतरवून घेते आहे. ते कागद कोणत्या टपालावर, कुणाच्या नावे पाठवायचे, तेवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपली,
एका सेवानिवृत्त पोलीस हवालदाराची मुलगी